‘वणवा’, ‘उष्णबिंदू’ आणि ‘जळीत क्षेत्र’

नागपूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, विदर्भातील वनांच्या नकाशावर उपग्रहाने टिपलेले लाल ठिपके आणि नंतर दिसणारे काळे पट्टे, या दोन्हींना ‘वणवा’ म्हणावे काय.

माझ्या मते म्हणू नये. वणवा लागतो, पसरतो, भडकतो आणि विझतो. म्हणजे ती काही तास वा काही दिवस चालणारी घटना आहे. ठिपका हा त्या घटनेतील एक क्षण असतो, पट्टा ही तिची खूण असते. संस्कृतात ‘दव’ म्हणजे वनही आणि वनातील आगही, आणि ‘दावानल’ त्यातूनच आला. पण काव्याला शोभणारी ही अनेकार्थता नकाशाच्या सूचीत घोटाळा करते.

ठिपक्याला मी ‘उष्णबिंदू’ म्हणेन. व्हिअर्स या उपग्रहीय उपकरणाच्या नोंदीत तो साधारण 375 मीटरच्या चौकटीचा मध्य असतो, मोडिस या दुसऱ्या उपग्रहीय उपकरणाच्या नोंदीत 1 किलोमीटरच्या. म्हणून ठिपका जिथे आहे नेमके तेच झाड पेटले असे समजू नये. एकाच वणव्याचे अनेक ठिपके उमटू शकतात. उलट, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला आणि तो उपग्रह डोक्यावरून जाण्याआधीच विझला, तर एकही ठिपका उमटत नाही. शिवाय शेतातील धसकटे जाळली किंवा औष्णिक वीजकेंद्राची भट्टी तापलेली असली तरी ठिपका उमटू शकतो. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला ‘अग्निबिंदू’ म्हणणेही घाईचे ठरेल.

पट्ट्यासाठी ‘जळीत क्षेत्र’ हा शब्दप्रयोग उत्तम आहे, कारण ‘जळीत’ आपल्या रोजच्या वापरातले आहे आणि जळून गेल्यानंतरची स्थिती ते नेमकी सांगते. हे क्षेत्र आगीच्या आधीची आणि नंतरची चित्रे ताडून आखतात; मात्र सागाच्या रानात उन्हाळ्यात पानगळ झालेली असते, तेव्हा निष्पर्ण जमीन आणि जळालेली जमीन यांत फरक करताना फार जपावे लागते.

काळाविषयीही हीच काळजी घ्यावी. व्हिअर्स असलेला सुओमी एनपीपी उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमारास वरून जातो. सकाळी लागलेली आग त्याच्या नोंदीत दुपारची दिसते. म्हणून नोंदींच्या तक्त्यातील रकान्याचे शीर्षक ‘वणवा लागल्याची वेळ’ असे न ठेवता ‘आढळल्याची वेळ’ असे ठेवावे, आणि वनरक्षकाने जागेवर जाऊन खात्री केलेल्या नोंदींपुरताच ‘वणवा’ हा शब्द राखून ठेवावा.