वाचकांचे प्रश्न : चोर सीमेपार, पोलीस कुठवर?

प्रश्न : युरोपातल्या शेंगेन देशांत सीमेवर सहसा कुणी अडवत नाही. मग चोर गाडी घेऊन शेजारच्या देशात निसटला, तर पोलिसांना मागे जाता येतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येतं, पण मोजूनमापून. १९८५ च्या शेंगेन करारात नाके उठवायचं ठरलं, पण पाठलागाचे नियम १९९० च्या अंमलबजावणी कराराच्या कलम ४१ मध्ये आले. पाठलाग फक्त जमिनीवरच्या सीमेवरून करता येतो. माणूस ठरावीक गंभीर गुन्ह्यात रंगेहाथ सापडलेला किंवा कोठडीतून पळालेला हवा. शेजारच्या पोलिसांना उशिरात उशिरा सीमा ओलांडताना कळवायचं आणि त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं. गणवेश, दंडावर पट्टी किंवा गाडीवर पोलिसांची खूण हवीच. कुणाच्या घरात शिरायचं नाही. पिस्तूल चालवायचं ते फक्त स्वसंरक्षणासाठी. किती अंतर, किती वेळ, पकडायचं की नुसतं नजरेत ठेवायचं, हे प्रत्येक देशानं आपापल्या सीमेपुरतं जाहीर केलंय. त्यामुळे एकाच देशाच्या पोलिसांना दोन सीमांवर दोन वेगळे नियम लागतात.

खरी गोची पकडल्यानंतर होते. आरोपी जिथे पकडला त्या देशाचा नागरिक नसेल आणि अटकेची विनंती आली नाही, तर सहा तासांत त्याला सोडावं लागतं. मध्यरात्र ते सकाळी नऊ हा वेळ मोजत नाहीत, तेवढीच सवलत.

प्रश्न : ही विनंती म्हणजेच युरोपीय अटक वॉरंट का? – विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आता बहुतेक वेळा तेच. २००४ पासून ते लागू आहे. पूर्वीचं प्रत्यार्पण मंत्रालयांमार्फत रखडायचं. आता एका देशाची न्याययंत्रणा थेट दुसऱ्या देशाच्या न्याययंत्रणेला कळवते. आरोपी राजी असेल तर संमतीनंतर १० दिवसांत निर्णय, नसेल तर अटकेपासून ६० दिवसांत. अडचण आल्यास आणखी ३०. ठरावीक ३२ प्रकारच्या गुन्ह्यांत, कमाल शिक्षा निदान तीन वर्षांची असेल, तर ‘आमच्याकडे हा गुन्हाच नाही’ ही सबब चालत नाही.

वॉरंट अडकतं ते तुरुंगांवरून. २०१६ मध्ये हंगेरी आणि रुमानियाच्या कोठड्यांतल्या गर्दीचा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला. अमानुष वागणुकीचा खरा धोका दिसला, तर आधी त्या देशाकडून खुलासा मागवायचा, तोवर हस्तांतर थांबवायचं, असं ठरलं. २०१९ मध्ये तर जर्मन सरकारी वकिलांचा वॉरंट काढण्याचा अधिकारच गेला, कारण न्यायमंत्री त्यांना आदेश देऊ शकत होते.

जर्मनीत राहणाऱ्या भारतीयालाही हे वॉरंट लागू होतं. तो भारतात परतला, तर मात्र १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचीच वाट धरावी लागते.