सेन्सरवरची धूळ: किती मनावर घ्यायची?

भाऊ, नवा कॅमेरा हातात आला की सेन्सरवरच्या (लेन्समागच्या, फोटो टिपणाऱ्या चिपवरच्या) धुळीचे किस्से वाचून झोप उडवून घ्यायची, हा आता रिवाजच झालाय. सगळ्याच तक्रारी पोकळ नसतात म्हणा. निकॉन डी६०० वर खरंच ठिपके यायचे. २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत दुरुस्ती जाहीर केली. पण बरेच जण एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) अगदी बारीक करून, कोरं आभाळ टिपतात, एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट (उजेड-काळोखातला फरक) ताणतात आणि बोंब ठोकतात. तीच धूळ एफ/४ ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, शोधून सापडत नाही. कारण कण सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसतो. अ‍ॅपर्चर मोठं असलं की त्याची सावली पसरून विरते, लहान केलं की ठसठशीत उमटते. म्हणजे ताडोब्यात एफ/५.६ ला वाघ काढलास तर काही दिसणार नाही, नागपूरच्या फुटाळा तलावावरचा सूर्यास्त एफ/१६ ला काढलास तर आभाळात करडा डाग.

बघायचंच असेल तर एफ/२२, फोकस बिघडवून पांढरी भिंत. फोटोत डाग वर दिसला तर कण सेन्सरवर खाली असतो. समोरून बघताना डावं मात्र डावंच राहतं.

साफ करायचं तर आधी कॅमेऱ्याच्या मेनूतली सेन्सर-सफाई, मग रबरी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकी उडते. स्प्रेच्या डब्यातली हवाही नको. आणि मे महिन्यात सफारीच्या उघड्या जिप्सीत लेन्स बदलायची हौस आवर. एखाद-दुसरा ठिपका तर एडिटिंगमध्ये एका क्लिकने जातो.