कधी बर्फच न बघितलेल्या शिक्षकाने लेकरांना स्कीइंगच्या सहलीला घेऊन जावं का?

तुमचं म्हणणं असं की शाळेने नववीच्या लेकरांची स्कीइंगची सहल काढलीय, सोबत तुम्हाला जायला सांगितलंय, तुम्ही स्वतः बर्फ फक्त टीव्हीत बघितलाय, तर जावं का आणि गेलं तर तिथं शिक्षकाने नेमकं करायचं काय. मी परभणीची, हायस्कूलला विज्ञान शिकवते, आमची लेकरं घेऊन मनालीजवळ सोलंगला जाऊन आलेय. माझं सरळ उत्तर, जा सर. स्कीइंग शिकवायला इन्स्ट्रक्टर असतो, ते तुम्हाला यायची गरज नाही. पण आपली लेकरं त्रास झाला तरी तोंडाने सांगत नाहीत, आणि ते इन्स्ट्रक्टरला कळणार नाही, ते तुम्हालाच ओळखावं लागतं.

म्हणजे कसं ते सांगते. स्की म्हणजे बर्फावर घसरायला पायाला लावायच्या लांब पट्ट्या, आणि त्यात अडकवायचा बूट कडक प्लास्टिकचा, जड, नडगीपर्यंत येणारा असतो. लेकरं काय करतात, आईने बजावून पाठवलेलं असतं म्हणून दोन-दोन सुती मोजे घालतात, वरून बूट आवळतात, मग रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्तच गार पडतात. आमच्यातला एक पोरगा, वर्गात एरवी गप्प न बसणारा, पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीमागं एकटाच बसलेला दिसला. काय झालं रे विचारलं तर म्हणे काही नाही मॅडम, असंच बसलोय. मी बूट काढायला लावला. दोन्ही मोजे ओले, अंगठा आणि बाजूची दोन बोटं पांढरी पडलेली, आणि दाबलं तरी त्याला कळत नव्हतं. मी त्याचे पाय माझ्या शालीत घेऊन हाताने धरून बसले, कोरडे मोजे घातले, हळूहळू लाली आली आणि मग ठणकायला लागलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण ठणका म्हणजे रक्त परत फिरायला लागलं. टपरीवाला चांगल्या मनाने शेगडी जवळ सरकवत होता, पण पाय बधिर असताना शेगडीजवळ न्यायचे नाहीत, भाजलं तरी कळत नाही, आणि चोळायचं तर अजिबात नाही. पोराला विचारलं की अरे सांगितलं का नाहीस, तर म्हणाला, "माझ्यामुळं सगळ्यांचंच थांबलं असतं ना मॅडम."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्याकडची लेकरं अशीच आहेत. घरच्यांनी पैसे कसे जमवले ते त्यांना माहीत असतं, सरांनी एवढं आपल्यासाठी केलं हेही माहीत असतं, मग बूट चावायलाय, डोकं दुखायलंय, पाळी आलीय, हातमोजा हरवलाय, सगळं गिळून टाकतात. म्हणून "कुणाला काही त्रास आहे का" असं सगळ्यांना मिळून विचारू नका, त्याला उत्तर नेहमी "नाही सर" असंच येतं. मी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि तासाभराने सगळ्यांना थांबवून हातमोजे काढायला लावायचे, बोटं हलवून दाखवायची, जोडीदाराने एकमेकाचे गाल आणि नाक बघायचे. स्वतःचं न सांगणारं लेकरू जोडीदाराचं मात्र लगेच सांगतं. मुलींसाठी बाईमाणूस सोबत पाहिजेच, आणि पॅड मागायला लागू नयेत, मुलींना माहीत असलेल्या एका पिशवीत ठेवलेले असावेत.

पाण्याचंही तसंच. थंडीत तहान लागत नाही, शिवाय बर्फात लघवीला जायचं म्हणजे सगळे कपडे काढायचे म्हणून लेकरं मुद्दाम पाणी पीत नाहीत. सोलंग साधारण 2500 मीटर उंचीवर आहे, आपण परभणीकडचे चारेकशे मीटरवर राहणारे. एवढ्या उंचीवर बहुतेकांना काही होत नाही, पण न पिता न खाता दिवसभर धडपडलं की डोकं धरतं. मी समोर उभं राहून कोमट पाणी प्यायला लावायचे. आणि ऊन! ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळं हनुवटीखाली आणि नाकाखालीसुद्धा कातडी जळते, आपल्या मे महिन्याच्या उन्हात राहिलेल्या लेकरांना हे खरंच वाटत नाही. पोरं क्रीम लावून घेत नाहीत, मुलींचं असतं म्हणतात, तिथं ऐकून घेऊ नका. काळा चष्मा सगळ्यांना, ढग असले तरी.

आता प्रत्यक्ष स्कीइंग. फोटोपुरतं दहा मिनिटं स्की बांधून ओढत नेणारे तिथं भरपूर आहेत, त्यात पैसे घालू नका, सलग काही दिवसांसाठी इन्स्ट्रक्टर ठरवा, हेल्मेटसकट. पहिला दिवस निम्मा बूट घालण्यात आणि पडून उठण्यातच जातो. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडल्याशिवाय तो स्कीच्या पकडीत नीट बसत नाही, आधी पुढचा भाग अडकवायचा, मग टाच दाबायची, खट्ट आवाज आला की बसला. वर जायचं तर उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल चढायचं, दम निघतो. ब्रेक म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. भीती वाटली की माणूस आपोआप मागं झुकतो, आणि मागं झुकलं की पुढच्या टोकांवरचं वजन निघून जातं, स्की ऐकतच नाही. आमच्यात सगळ्यात आधी जमलं ते खो-खो खेळणाऱ्या मुलीला, कारण गुडघ्यात वाकून पुढं झुकायची तिला सवयच. गणितात कायम मागं राहणारी ती पोरगी दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना "अगं गुडघे, गुडघे" म्हणून ओरडत होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पडायचं तर कुशीवर पडायचं, हात टेकायचे नाहीत, आणि काठीचा पट्टा हातात अडकलेला असताना पडलं तर अंगठा मुरगळतो, हे इन्स्ट्रक्टरकडून पहिल्याच तासाला सांगून घ्या.

तयारीचं थोडक्यात. डिसेंबरात बर्फ असेलच असं नाही, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी बरा, म्हणून दहावीची लेकरं नकोतच, नववीचीच न्या. जास्त बर्फ पडला की मनाली-सोलंग रस्त्यावरच्या नेहरू कुंडाच्या पुढं साध्या गाड्या सोडत नाहीत, त्यामुळं एक दिवस हातात मोकळा ठेवा. आम्ही परभणीहून सचखंड एक्सप्रेसने अंबाल्याला उतरून पुढं बसने गेलो, रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शैक्षणिक सहलीला स्लीपरमध्ये विद्यार्थ्यांना 50 टक्के सवलत आहे, तो फॉर्म हेडमास्तरांच्या सहीने आधीच करून ठेवा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचं हमीपत्र, रक्तगट, हे तुम्हाला माहीतच असेल. पैशाचा पहिला हप्ता मात्र दिवाळीनंतर घ्या, सोयाबीन विकल्याशिवाय घरात पैसा येत नाही, आणि हप्ता आधी मागितला की हुशार आणि हौशी लेकरं गपचूप नाव मागं घेतात, कारणही सांगत नाहीत. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर असू द्या, तिकडचा राजमा-भात दोन दिवस बरा वाटतो, मग लेकरं अर्धपोटी उठतात.

तुम्हाला स्वतःला शिकावंसं वाटलं तर शिका, मीही शिकले थोडं, फार आनंद होतो. फक्त दोन्ही शिक्षकांनी एकाच वेळी स्की बांधायच्या नाहीत. एकाने खाली साध्या बुटांतच थांबायचं, कोरडे मोजे, जास्तीचे हातमोजे, थर्मास आणि मनालीच्या हॉस्पिटलचा नंबर जवळ ठेवून, आणि टपरीमागं कोण बसलंय ते अधूनमधून जाऊन बघायचं.