हप्त्यावर नवी अलॉय चाकं, की आहेत तीच नीट करून?

खानापूरच्या एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवलंय. वय 43, उद्यमबागेतल्या फौंड्रीत तपासणी विभागात नोकरी, हातात पगार 46,000. गाडी 2017 सालची, 1500 सीसीच्या आतली पेट्रोल सेडान, कंपनीचीच 16 इंची अलॉय चाकं. रोज खानापूर-बेळगाव ये-जा, आणि महिन्यातून एकदा जांबोटी-कणकुंबी-चोर्ला मार्गे वाळपईला वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, माहेरी. चारही चाकांचा रंग पोपडे धरून निघतोय, खाली पांढरी बुरशी आल्यासारखे डाग. पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटून वाकलंय, ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं. मागच्या एका चाकाची हवा दर आठवड्याला उतरते, पण पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नाही.

त्यांच्यासमोर चार वाटा आहेत. नवी 17 इंची चाकं टायरसकट 88,000 ला, जुन्याचे 12,000 वजा, उरलेले 76,000 क्रेडिट कार्डावर वर्षाच्या हप्त्याने. किंवा जुन्याच चाकांना चाकामागे 4,000 देऊन पावडर कोटिंग (कोरडी पावडर मारून भट्टीत पक्का केलेला रंग). किंवा ओळखीच्या पेंटरकडून चाकामागे 1,200 त स्प्रे. किंवा इन्शुरन्स क्लेम. पतसंस्थेत दीड लाखाची मुदतठेव आहे, ती मोडावी का, असंही विचारलंय. वहिनी म्हणतात, गाडी दोन-तीन वर्षांत बदलायचीच आहे तर खर्च कशाला.

नमस्कार. आधी हवेचं बोलतो, कारण पत्रात ती गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीय आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. पंक्चर नसताना हवा उतरते, म्हणजे बहुतेक करून टायरची कड रिमवर जिथे बसते तिथे ॲल्युमिनियम गंजलंय. त्या पांढऱ्या भुकटीमुळे टायर नीट चिकटून बसत नाही. (व्हॉल्व्ह गळत नाही ना, हे साबणाच्या पाण्याने आधी बघून घ्या, ते काम दहा रुपयांचंही नाही.) कमी हवेवर रोजचे पन्नास किलोमीटर धावणारा टायर दोन्ही कडांनी झिजतो, पेट्रोल जास्त पितो आणि उन्हाळ्यात तापतो. तेव्हा तुमच्या चाकांचा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. वहिनींना हे जरूर सांगा. तरीही 76,000 च्या बाबतीत त्यांचंच म्हणणं बरोबर आहे.

त्या 76,000 चा हिशेब मांडू. तुम्हाला सांगितलेला व्याजदर वर्षाला 16 टक्के. महिन्याचा हप्ता साधारण 6,900 बसतो. वर्षभरात व्याज 6,750 च्या आसपास, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी बाराशे, वर प्रोसेसिंग फी. चाकं तुम्हाला 84,000 च्या पुढेच पडतात. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं, आणि येत्या जूनमध्ये लेकीचं पीयूसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचं, ॲडमिशन आहे हे तुम्हीच लिहिलंय. जूनमध्ये हा हप्ता चालूच असेल.

पैशापलीकडेही एक गोष्ट आहे. चाकाचा एकूण व्यास तोच ठेवून रिम 16 ची 17 केली की टायरची बाजूची भिंत बुटकी होते, म्हणजे रबर कमी आणि धातू खड्ड्याच्या जवळ. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे रस्त्याची काय दशा होते ते मी तुम्हाला सांगायला नको. ज्या रस्त्याने 16 इंची चाक वाकवलं तो 17 इंची चाक आणखी लवकर वाकवेल. शिवाय बाहेरून बसवलेल्या चाकांची किंमत विमा कंपनीला कळवून पॉलिसीत धरून घ्यावी लागते. न कळवता ठेवली तर नुकसानीच्या वेळी वाद ठरलेला.

नवी चाकं घातली की गाडी कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकाला चांगल्या भावात जाईल, असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. केए 22 ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, गाडी महाराष्ट्रात न्यायची तर इकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते, घेणाऱ्याला तिकडचा रोड टॅक्स भरावा लागतो, आरटीओत खेपा घालाव्या लागतात. निपाणी-कागलच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे तोंडपाठ आहे. तो माणूस भाव पाडतो तो याच खर्चावर बोट ठेवून. चाकं चकचकीत आहेत म्हणून तो टॅक्स विसरत नाही.

आता क्लेम. इथे तुमच्या पॉलिसीचे आकडे उपयोगी पडले. गंज आणि उडालेला रंग ही झीज, ती विम्यात येतच नाही. राहिलं वाकलेलं चाक. कंपनीचं नवं चाक 14,000 चं. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के घसारा कापतात, उरले 8,400. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 स्वतःच्या खिशातून, उरले 7,400. हे मिळतील. जाईल ते असं: तुम्हाला आज 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, आहे. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) मूळ प्रीमियम 9,000, तुम्ही भरता 4,500. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी पूर्ण 9,000, मग 20, 25, 35, 45 टक्के अशी पायरी चढत पुन्हा 50 ला यायचं. मूळ प्रीमियम तेवढाच धरला तर या पाच वर्षांत तुम्ही 11,250 जादा भरता. गाडी बदलली तरी बोनस तुमच्या नावावर नव्या गाडीला जातो, म्हणून हे नुकसान जुन्या गाडीबरोबर संपत नाही. 7,400 साठी 11,250 घालवू नका. हा बोनस जपण्यासाठी तुम्ही पाच वर्षं शिस्तीने गाडी चालवलीय.

1,200 वाला स्प्रे मी सरळ नाकारतो. त्यात टायर उतरवत नाहीत, कागद आणि टेप लावून वरून रंग मारतात. जिथून हवा जाते ती जागा तशीच राहते, आणि वरचा रंगही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे धरतो.

मग पावडर कोटिंग. हे करा, पण आज नाही. तुम्ही टायरवरचा आकडा कळवलात हे फार बरं झालं: 2220, म्हणजे 2020 च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षीही झिजखुणेच्या जवळ आलीय. येत्या पावसाळ्याआधी टायर बदलावेच लागतील. पावडर कोटिंगला टायर उतरवायचे, पुन्हा चढवायचे, बॅलन्सिंग करायचं, आणि सहा महिन्यांनी नव्या टायरसाठी तेच सगळं पुन्हा. त्यात ताज्या कोटिंगच्या कडेवर टायरवाल्याच्या यंत्राचे ओरखडे. दोन्ही कामं एकदमच मे महिन्यात करा. 16 इंची चार टायर 6,500 प्रमाणे 26,000, कोटिंगचे 16,000, मिळून 42,000. आणि गंमत बघा, 6,900 चा हप्ता झेपेल असं तुम्हीच लिहिलंय. तो डिसेंबरपासून स्वतःलाच भरा, बँकेत वेगळ्या आवर्ती खात्यात. मेपर्यंतचे सहा हप्ते 41,400 होतात. कर्ज नाही, व्याज नाही, ठेव मोडायची नाही, आणि एप्रिलमध्ये तुमच्या नावावर लागणारी 40,000 ची भिशी लेकीच्या ॲडमिशनसाठी अख्खी राहते. जूननंतरही तो हप्ता थांबवू नका. अडीअडचणीचा निधी तुमच्याकडे नावालाही नाही, आणि मला चाकांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

दोन कामं मात्र याच आठवड्यात. गळणाऱ्या चाकाचा टायर उतरवून बसायची जागा घासून साफ करून घ्या, आणि वाकलेलं चाक सरळ करता येतं का ते तपासून घ्या. तुम्हाला दोन्ही मिळून 3,500 सांगितलेत, ते पगारातून जाऊ द्या. सरळ करायला टाकण्याआधी चाकाला तडा नाही ना हे बघाच. तुम्ही रोज कास्टिंग तपासता, डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) तुमच्या हाताखालचं आहे. आतल्या बाजूची कड आणि आऱ्यांची मुळं नीट बघा. तडा असेल तर ते चाक बाद. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ऐकलं होतं. दीड हजारात काम झालं म्हणून खूश होतो. कणकुंबीच्या पुढे धो धो पावसात त्याच जागी चाक पुन्हा फुटलं, हवा एकदम गेली, मागच्या सीटवर दोन्ही मुलं होती. गाडी कडेला थांबली, पुढे काही झालं नाही, पण ते दीड हजार आजही माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. एक चाक बाद निघालं तर 14,000 चं नवं घ्या, आणि त्यासाठी कोटिंग वर्षभर पुढे ढकलावं लागलं तरी चालेल. टायर मात्र ढकलू नका.

मे महिन्यात कोटिंग देताना काय विचारायचं ते सांगतो, कारण 16,000 वाया जातात ते इथे. जुना रंग केमिकलने काढतात की जाड वाळूने मारून? जाड वाळू मऊ ॲल्युमिनियम खाते. पावडर मारण्याआधी चाक एकदा नुसतं तापवतात का? कास्टिंगच्या सूक्ष्म छिद्रांतला वायू आधी बाहेर पडला नाही तर तो भट्टीत पावडरखालून वर येतो आणि टाचणीएवढी भोकं पडतात. पोरॉसिटी म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. भट्टीचं तापमान साधारण 180 ते 200 अंश, वीसेक मिनिटं. त्याहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा तापवलं तर अशा चाकांना कारखान्यात दिलेलं टेंपर (तापवून आणलेली मजबुती) उतरतं, म्हणून हे काम एकदाच आणि नीट. हबला टेकणारा भाग आणि नटांच्या बैठका झाकूनच पावडर मारायला सांगा. तिथे थर बसला की नट आवळलेले वाटतात, आणि थर दबला की सैल होतात. बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची मागा, कडेला ठोकायची नकोत. काम स्वतः उभं राहून बघता येईल असंच ठिकाण निवडा. उद्यमबाग-मच्छेत पावडर कोटिंग करणारे कमी नाहीत, पण गेट-ग्रिल करणारा आणि चाक करणारा यांत फरक आहे.

तुमच्या भागातली तांबडी माती आणि गोव्याची खारी हवा यांना धुणं हाच उपाय, आणि तो जवळपास फुकट आहे. गाडी थंड झाल्यावर, साधा कार शाम्पू, मऊ ब्रश, आतल्या बाजूनेही. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे तप्त कण चाकावर रुततात आणि मग गंजतात, ते तपकिरी ठिपके तेच असतात. त्यांच्यासाठी लावल्यावर जांभळं होणारं औषध मिळतं, वर्षातून दोनदा पुरे. वॉशिंग सेंटरवर चाकाला फरशीचं ॲसिड लावत असतील तर हात जोडून नको म्हणा. तुमच्या चाकांवरचे पांढरे डाग त्यानेही वाढलेले असू शकतात.

ठेवीबद्दल एक वेगळी गोष्ट. चाकांसाठी ती मोडू नका, पण मार्चमध्ये मुदत संपली की सगळी तिथेच पुन्हा गुंतवू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्था येत नाहीत. माझा त्यांना विरोध नाही. आपल्या सीमाभागात बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा याच संस्थांनी लोकांची लग्नं आणि शिक्षणं तारली, माझं स्वतःचंही. पण घरातली एकुलती एक ठेव विम्याबाहेर असू नये. निदान एक लाख बँकेत हलवा.

आणि वहिनींना विचारा, गाडी खरंच किती दिवस ठेवायची. गाडी वर्षाच्या आत विकायची असं मेपर्यंत ठरलं तर कोटिंगचे 16,000 घालू नका, फक्त टायर घ्या, चाकं स्वच्छ धुवा आणि घेणाऱ्याला आहेत तशी दाखवा. दोन वर्षं किंवा जास्त ठेवणार असाल तर वर सांगितलं तसं करा. काम झाल्यावर पहिल्या वाळपईच्या फेरीआधी शंभरेक किलोमीटर चालवून नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या, आणि डिकीतल्या स्टेपनीची हवा त्याच वेळी बघा.