जुन्या बाजारात मिळालेला ब्रिटिशकालीन लष्करी सुरा किती जुना आहे आणि त्याची किंमत किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या जुन्या बाजारातून लाकडी मुठीचा लष्करी सुरा घेतला. पातं फूटभर, मुठीजवळ मुकुट, खाली ‘१९०७’, ‘५ १७’ आणि ‘सँडरसन’. विकणाऱ्याने १९०७ सालचा म्हणून सांगितला. परदेशी साइटवर असाच सुरा बऱ्याच पौंडांना दिसतो, तर तुमच्याकडच्याची खरी किंमत काय, आणि तो लंडनच्या भावाकडे पाठवावा का?

तुमच्या हातात आहे ती संगीन, ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलच्या तोंडाशी बसवायची. खात्री करायची तर मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीला कडं आहे का, आणि मुठीच्या मागच्या टोकाला खाच व दाबायचं बटण आहे का, एवढं बघा. १९०७ हे तिच्या नमुन्याचं नाव आहे, बनल्याचं साल नव्हे. पुढे पहिल्या महायुद्धात बनलेल्या लाखो संगिनींवर हाच आकडा आहे. बनल्याची तारीख त्याच्या खाली असते. ‘५ १७’ म्हणजे मे १९१७. सँडरसन ही इंग्लंडमधल्या शेफील्डची कंपनी.

आता पातं उलटं करा. दुसऱ्या बाजूला बाणाच्या टोकासारखी खूण असेल, ती ब्रिटिश सरकारी मालकीची. जवळच फुली असेल, ती पातं वाकवून पाहिल्याची. वाकवलं, सुटल्यावर सरळ झालं, तरच फुली मारत. बाकीचे बारीक मुकुट आणि आकडे तपासनिसांचे.

खरी गंमत तुमच्या ‘फूटभर’ या शब्दात आहे. ही संगीन मुळात १७ इंच पात्याची, म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर. ब्रिटिशांची रायफल आखूड होती, म्हणून पातं लांब ठेवून पल्ला भरून काढला. दुसऱ्या महायुद्धात एवढं लांब पातं अडचणीचं वाटू लागलं आणि भारतात जुनी पाती १२ इंचांवर कापली गेली. तुमचं त्यातलं आहे का, हे पात्यावरची उभी पन्हळ सांगते. मूळ पात्यात ही पन्हळ टोकाच्या बरीच अलीकडे गोलाईत संपते. कापलेल्या पात्यात ती थेट नव्या टोकात धावते, तिला संपायला जागाच उरलेली नसते. बोटाचं नख तिच्यातून टोकापर्यंत फिरवलंत तरी कळेल. टोक सफाईने घासलेलं असेल, लांबी १२ इंचांच्या आसपास असेल आणि म्यानही तेवढीच आखूड असेल, तर काम सरकारी कारखान्यातलं. टोक वेडंवाकडं असेल तर पुढे कुणीतरी गरजेपुरतं कापलेलं.

त्या काळात भारतात नवीन बनलेल्या आखूड संगिनींत ही पन्हळ नसते. त्यांच्यावर ‘आरएफआय’ म्हणजे ईशापूर रायफल फॅक्टरी, ‘एनडब्ल्यूआर’ म्हणजे नॉर्थ वेस्टर्न रेल्वे, असे शिक्के असतात. तुमची तशी नाही. पन्हळीची खूण जुळली, तर शेफील्डला जन्मलेली आणि भारतात कापलेली, दोन महायुद्धांची वस्तू तुमच्याकडे आहे. संग्राहक न कापलेलीला जास्त पैसे देतात, पण मला कापलेलीत आपल्याकडचा इतिहास जास्त दिसतो.

नकली मालही बाजारात भरपूर येतो. अस्सल शिक्का ठोकलेला असतो, त्यामुळे काही अक्षरं खोल, काही उथळ, एखादं तिरकं. सगळी अक्षरं सारखी उथळ, सगळीकडे एकसारखा तपकिरी गंज आणि मुठीला फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर सावध व्हा. मूळ स्क्रूला सरळ एकच खाच असते.

किंमतीचा आकडा मी सांगणार नाही, कारण फोटो न बघता सांगितलेला आकडा तुमची फसवणूकच करेल. पण क्रम सांगतो. सर्वांत वर १९१३ च्या आधीची, आडव्या पट्टीला गळासारखा वाकलेला हूक असलेली. ते हूक पुढे दुरुस्तीत कापून टाकले, म्हणून उरलेल्या थोड्या, आणि म्हणूनच नकली हूक वेल्डिंग करून लावतात. मग पूर्ण लांबीची, म्यानासकट. त्यानंतर तुमच्यासारखी कापलेली. बफ मारून चकचकीत केलेली सर्वांत खाली, तिथे शिक्केही घासून गेलेले असतात. परदेशी साइटवर मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. आणि तीही तुम्हाला इथे मिळणार नाही, कारण वस्तू बाहेर पाठवता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करायला बंदी आहे. १९१७ ची संगीन त्या मर्यादेपलीकडे गेली आहे. भावाला नाही म्हणून सांगा.

घरी ठेवण्याचंही बघावं लागेल. शस्त्र नियम २०१६ मध्ये संगिनीचं नाव घेऊन उल्लेख आहे. तुमच्या भागात परवाना लागतो का, हे शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा. तोवर ती घेऊन फिरू नका.

गंज काढायला लिंबू, चिंच किंवा सँडपेपर अजिबात नको. मशीनचं हलकं तेल लावा, दोन दिवसांनी मऊ कापडाने पुसा, काळी झाक राहू द्या. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतून लोखंड खातं. शिक्क्यांचे दोन्ही बाजूंचे आणि पात्याच्या टोकाचे फोटो तिरक्या उजेडात काढून पाठवा. मुठीच्या टोकाचाही पाठवा, पलटणीची अक्षरं बऱ्याचदा तिथेच असतात.