फाटकावरची शिट्टी

तिकडे मुंबई-पुण्याची पोरं छत्र्या घेऊन शाळेत जायला लागतात, तेव्हा आपल्या विदर्भात घरातला माठही हललेला नसतो. आपल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटाला, आणि मग मला पत्रं येतात ती गठ्ठ्यानं. नव्या वाचकांसाठी सांगते : नागपुरातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. शाळा भरताना आणि सुटताना फाटकावर शिट्टी घेऊन उभं राहायचं कामही माझ्याकडेच होतं. या सदरात जे सांगते ते बहुतेक त्या फाटकावर शिकलेलं आहे.

बाई, मुलगी यंदा पहिलीत जाईल. आम्ही दोघंही नोकरीवर. ऑटोवाले काका ओळखीचे, स्वभावानं चांगले, पण नऊ पोरं बसवतात. व्हॅन लावू का? आणि ते जीपीएसचं घड्याळ घ्यावं का? सगळेच घेऊन राहिले.
– एक आई, मनीषनगर

ऑटोचं परमिट तीन प्रवाशांचं असतं. नऊ पोरं म्हणजे त्यातली दोन काकांच्या शेजारी, ड्रायव्हरच्या सीटच्या काठावर, अर्धी बाहेर. वर्धा रोडला ऑटो वळतो तेव्हा त्या बाहेरच्या पोरानं दांडी कशी धरलेली असते, ते एकदा मागून गाडीवर जाऊन बघा. काका भले असतील हो, पण भलेपणानं ऑटोला दार फुटत नाही. तेव्हा ऑटो नको.

व्हॅन लावायची तर आधी शाळेत जा. राज्याचे स्कूलबसचे नियम २०११ पासून आहेत आणि त्यात शाळेची परिवहन समिती सांगितलेली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालकांचा माणूसही तिच्यात असतो. तो पालक कोण, हे विचारा. नाव चटकन सांगता आलं नाही, तर समिती कागदावर आहे असं समजा आणि तुम्हीच तिच्यात जा. गाडीत वेग आवरणारा स्पीड गव्हर्नर, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं नळकांडं आणि मुलींसोबत बाई आहे का, हे स्वतः आत चढून बघा. फोनवर सगळेच ‘आहे’ म्हणतात.

आता घड्याळाचं. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

असाच जूनचा शेवट होता. पावसाचा पत्ता नव्हता, सकाळी आठलाच ऊन अंगावर येत होतं. साडेआठच्या सुमारास एक आजी फाटकावर आल्या. नातवाचा डबा घरी राहिला होता. मी वर्गात निरोप पाठवला, तर उत्तर आलं, ‘तो आज आलाच नाही.’ आजी म्हणाल्या, ‘अवो, म्या सोता बसवला त्याले व्हॅनमधी.’

व्हॅनवाल्याला फोन लावला. गाडी त्याच्या घरापुढे उभी होती, काचा बंद. के.जी.तलं ते पोर मागच्या सीटवर झोपलेलं, झोपेत खाली घसरलेलं. तास होत आला होता. घामानं निथळत होतं, डोळे नीट उघडत नव्हतं. सलाईन लावावं लागलं, सुदैवानं वाचलं. डबा घरी राहिला नसता तर काय, हा हिशेब मी आजही करत नाही.

व्हॅनवाल्यानं मागे वळून पाहिलं नाही, ही त्याची चूक. वर्गशिक्षिकेनं गैरहजेरी मांडली आणि वही मिटली, ही तिची. माझी? त्या व्हॅनमधून किती पोरं उतरायची होती हे मला ठाऊक नव्हतं. उतरली ती मी रांगेत लावली आणि शिट्टी वाजवली.

म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी शाळेला एकच प्रश्न विचारा : माझी मुलगी पहिल्या तासाला वर्गात दिसली नाही, तर मला फोन कोण करणार आणि किती वाजेपर्यंत? त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. तुमच्याकडूनही तेवढंच हवं. मुलगी घरी राहणार असेल तर आठच्या आत कळवा, म्हणजे शाळेचा तुम्हाला फोन येईल तेव्हा तो खरोखर गंभीर असेल. व्हॅनवाल्याला सांगा, शेवटचं पोर उतरलं की मागच्या सीटपर्यंत हात फिरवून यायचं.

घड्याळ हवं तर घ्या. पण ते घड्याळ ‘शाळेजवळ’ दाखवत राहील आणि पोर गाडीत असेल, असं होऊ शकतं.

मुलगा अकरावीला गेला. क्लास सकाळी सातला शंकरनगरला. मित्र सगळे गाड्या आणतात. त्याच्या आईची स्कूटर बिनगिअरची आहे, सोळा वर्षांनंतर चालते म्हणतात. द्यावी का?
– एक वडील, हिंगणा रोड

चालते ती ५० सीसीपर्यंतची. आमच्या वेळची लूना त्यात बसायची. घरोघरच्या ११० सीसीच्या स्कूटरी बसत नाहीत, गिअर असो नसो. त्यासाठी अठरा पूर्ण लागतात. बॅटरीच्या गाडीचंही तेच. ताशी २५ किलोमीटरवाली, २५० वॉटपर्यंतची सोडली तर लायसन्स लागतंच.

पोरानं काही केलं तर कायद्यात, २०१९ च्या दुरुस्तीपासून, दोषी धरतात ते तुम्हाला : २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे शेवटचं त्याला सांगा. कैदेला तो हसेल, कारण ती तुमची आहे. ‘पंचविशीपर्यंत मागे बसून फिरशील’ म्हटलं की चेहरा बघा.

बाकी तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे. लोकमान्यनगरहून मेट्रो शंकरनगरला सरळ जाते, बदलायचीही नाही. स्टेशनापर्यंत सायकल. आणि कधी तुम्ही मागे बसवून सोडलंत, तर हेल्मेट दोघांनाही. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं. क्लासनंतर पोरं तर्री-पोह्याच्या ठेल्यावर थांबतात, तेव्हा त्याच्याकडे गाडी नसल्याची थोडी लाज त्याला वाटेल. वाटू द्या.

बाई, मी आठवीत आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या दादाला प्रोजेक्टसाठी नंबर दिला होता. आता तो रात्री मेसेज करतो, फोटो पाठव म्हणतो. मी पाठवला नाही. आईला सांगितलं तर ती मोबाईल घेईल आणि शाळाच बंद करेल. नाव छापू नका.

नाव काय, तुझा मोहल्लाही छापत नाही.

बेटा, तू नंबर दिलास तो प्रोजेक्टसाठी. पुढचं सगळं त्यानं केलंय. मेसेज पुसू नकोस, उत्तर देऊ नकोस, त्या दुकानात एकटी जाऊ नकोस. आईला आजच सांग. तोंडानं जमत नसेल तर हे पान तिच्यापुढे ठेव. तेही जमलं नाही तर १०९८ लाव. हा मुलांसाठीचा नंबर आहे, रात्रीही चालतो, पैसे लागत नाहीत. शाळेतल्या ज्या बाईंशी बोलावंसं वाटतं, त्यांना सांग. त्यांना कळलं की पोलिसांना कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, तसं म्हणतो. तुझं नाव कुठेही छापायला त्याच कायद्यानं मनाई आहे.

आणि हे पान वाचणाऱ्या आईला : मोबाईल काढून घेऊ नका. तोच पुरावा आहे. आणि पुढच्या वेळी काही झालं तर ती तुम्हाला सांगेल की नाही, हे तुम्ही आज पहिलं वाक्य काय बोलता त्यावर ठरेल. ‘तू नंबर दिलासच कशाला?’ हे ते वाक्य नको.

नातवाचं दप्तर मलाच उचलत नाही. किती वजन चालतं? आणि जोराच्या पावसात तो अडकला तर?
– आजोबा, महाल

वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं. पोर वीस किलोचं तर दप्तर दोन किलोचं. रद्दीवाल्याचा काटा वापरा, आणि आधी पाण्याची बाटली बाहेर काढून तोला. पाणी मात्र कमी करू नका. पाऊस बसेपर्यंत मोठीच बाटली द्या.

पावसाचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घराघरांत शिरली, ते तुम्ही पाहिलंच असेल. धो-धो पावसात शाळा सुटली तर नातवानं शाळेतच थांबायचं, निघायचं नाही. कितीही उशीर होवो, न्यायला तुम्हीच जाणार. हे आत्ता त्याच्याशी ठरवून टाका. या रविवारी त्याच्यासोबत शाळेपर्यंत पायी जा. कुठे पाणी साचतं, कुठल्या नालीवरची फरशी निघालेली आहे, हे त्यालाच दाखवायला सांगा. पोरांना ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, आपण विचारत नाही.