‘जी’ म्हणजे जेसीबी

प्रश्न : माझा नातू सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही. ‘मम्मं’, ‘आई’, ‘दादा’ एवढंच येतं. बाकी सगळं हात धरून ओढत नेतो नाहीतर बोटाने दाखवतो. गाय दिसली की ‘हम्मा’, बाहेर जायचं असलं की ‘भू’, माग सुरू झाला की ‘खट’. जेसीबी आला की वेडाच होतो, ‘जी जी’ करत मला गॅलरीत नेतो. बाबा घरी नसताना मला धरून ‘बा बा’ करतो, बहुतेक त्यांची आठवण येत असेल. आमचं घर मागाच्या शेडला लागून आहे. सून बँकेत, सकाळी नऊला जाते ती सातला येते, तोवर बाळ माझ्याकडे. ती गोकाककडची, त्याच्याशी कानडी बोलते. दोन भाषांनी पोर गोंधळतंय असं शेजारी म्हणतात. त्याला ऐकू नक्की येतं, ताट पडलं की दचकतो. त्याचे बाबाही साडेतीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, म्हणून आमचे हे म्हणतात वाट बघू. एकांनी जिभेखालची शीर कापायला सांगितलं, एकांनी वेखंड उगाळून द्यायला, जाऊबाईंनी पोपटाचा उष्टा पेरू. जेवताना मोबाइल लागतोच. सुनेने नोकरी सोडून त्याच्याजवळ बसावं का?
– एक आजी, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही ‘एक आजी’ अशी सही केलीत म्हणून आजी म्हणते, नाहीतर वयाने मी तुमच्या फार मागे नसेन. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, शब्द मोजत. सुरुवातीला तुम्ही तीन शब्द सांगता. पुढे स्वतःच ‘हम्मा’, ‘भू’, ‘खट’ आणि ‘जी’ लिहिता, पण ते धरत नाही. मी धरते. मूल एका गोष्टीला दर वेळी एकच आवाज करत असेल तर तो त्याचा शब्द. जेसीबीला ‘जी’ म्हणायचं हे त्याने ठरवलंय आणि ते तुम्हाला कळतंही. आणखी काय हवं?

म्हणजे झाले सात. आठवा मला ‘बा’मध्ये सापडला. सुनबाईंना विचारून बघा, कानडीत ‘बा’ म्हणजे ‘ये’. तुमचा हात धरून तो बाबांची आठवण काढत नसावा, ‘आजी, ये’ म्हणत असावा. तसं असेल तर दोन भाषांनी गोंधळलेलं मूल हे नव्हे. आईची भाषा त्याने आजीवर वापरून पाहिली आणि आजीलाच ती कळली नाही! दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. कानडीतले आणि मराठीतले शब्द एकत्र मोजायचे, एवढंच. सुनबाईंना कानडी अजिबात सोडायला लावू नका. आईने परक्या भाषेत मोजूनमापून बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत भरभरून बोललेलं बरं.

आता जे गोड नाही ते. दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द असावेत आणि ‘मम्मं दे’, ‘आजी ये’ अशी दोन शब्दांची जोडी लागायला लागावी. आठ म्हणजे कमीच. तो बोटाने दाखवतो, तुम्हाला आपल्या आनंदात ओढून नेतो, या माझ्या दृष्टीने फार मोठ्या जमेच्या बाजू आहेत. हाक मारली तरी न बघणारं, बोटाने काही न दाखवणारं, किंवा येत असलेले शब्द विसरत चाललेलं मूल असतं तर मी हे उत्तर न छापता आधी तुमच्या घरी फोन केला असता. पण वाट बघू या, याला माझा साफ नकार आहे. बाबा उशिरा बोलले हे खरं असेल. असं घराण्यात चालत येतं, आणि मुलग्यांत थोडं जास्त दिसतं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीला येतातही. पण कुठलं येणार आणि कुठलं मागे राहणार, हे सव्वादोनच्या वयात छातीठोक सांगता येत नाही. बाबांची गोष्ट तपासणी लवकर करायचं कारण आहे, टाळायचं नाही.

तपासणी म्हणजे पहिल्यांदा कानांची. ‘ताट पडलं की दचकतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि एकदा त्याला फसलेही आहे. मिरजेत स्पीच थेरपीचा नवीन दवाखाना टाकला होता तेव्हाची गोष्ट. तीन वर्षांचा मुलगा, वडील म्हणाले फटाक्याला घाबरतो. मीही त्याच्या पाठीमागे टाळी वाजवली, तो वळला. झालं. पाच महिने मी त्याला चित्रं दाखवून शब्द शिकवत बसले. शेवटी बेरा टेस्ट, म्हणजे मूल झोपेत असताना करायची कानांची तपासणी, केली तेव्हा कळलं, त्याला जाडे आवाज ऐकू येत होते आणि बारीक येतच नव्हते. ताट, फटाका, टाळी, ‘आ’, ‘ओ’ हे सगळं पोचायचं. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही कुजबुजीसारखी अक्षरं गळून जायची. त्याच्यासाठी ‘काका’ आणि ‘ताता’ दोन्ही ‘आआ’च होते. त्या आईला मी हे कसं सांगितलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून कानांचा कागद हातात आल्याशिवाय मी कोणाचंही बोलणं शिकवायला घेत नाही.

शिवाय वारंवार सर्दी होणारी, तोंडाने श्वास घेणारी, झोपेत घोरणारी मुलं असतात. त्यांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. कान दुखतोच असं नाही, वाहतोच असंही नाही. फक्त काही आठवडे सगळं बोळा घातल्यासारखं ऐकू येतं, मग बरं वाटतं, मग पुन्हा तेच. यावर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे उपाय आहेत.

तुमच्याकडे त्यात मागाची भर. मागाच्या शेडमध्ये दोन माणसं कशी बोलतात ते तुम्ही मला सांगायला नको : हातवारे आणि ओठ. इचलकरंजीहून माझ्याकडे कानाचं यंत्र लावायला येणारे आजोबा बहुतेक माग चालवलेलेच असतात. नातवाला शेडमध्ये नेऊ नका, कडेवर घेऊन पाच मिनिटंसुद्धा नको. घरातही आवाज येतच असणार. त्या आवाजात तुम्ही ‘पाणी’ म्हणालात आणि मला नुसतं ‘आणी’ ऐकू आलं, तरी ‘प’ मी मनाने भरून घेते, कारण तो शब्द मला आधीच ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही, तो कुठून भरणार? मागापासून सगळ्यात लांबची खोली त्याच्याशी बोलायची खोली करा. त्याच्या उंचीला बसा, तोंडासमोर तोंड. टीव्ही बंद. हातवारे मात्र बंद करू नका. खाणाखुणा करणारं मूल आळशी होतं हा गैरसमज आहे. शब्दाच्या आधी बोटच येतं.

आता तुमचं स्वयंपाकघर. तुम्ही भाकरी करताना तो पायाशी असतो असं धरून चालते, या वयाची सगळी पोरं असतात. त्याच्या हातात पिठाचा एक गोळा द्या. ‘गोळा’ म्हणा. थापताना ‘थाप, थाप, थाप’. तव्यावर टाकली की गप्प बसा आणि दोघंही भाकरीकडे बघा. कडा सुटल्या, मधे फुगा धरला, की मोठ्याने ‘फुऽऽगली!’ असं आठवडाभर रोज, तसंच, त्याच सुरात. मग एक दिवस ‘फुऽऽ’ म्हणून थांबा आणि भाकरी सोडून त्याच्याकडे बघा. मनात दहा आकडे मोजा. दहा फार लांब वाटतात, माझ्याकडच्या आया तीनवरच शब्द सांगून मोकळ्या होतात. ‘गली’ आलं तर उत्तम, नुसतं ‘ई’ आलं तरी उत्तम, काहीच नाही आलं तर तुम्ही ‘गली’ म्हणा आणि भाकरी उलटा. रागावायचं नाही, ‘म्हण ना, म्हण ना’ तर नाहीच. तुमच्या यजमानांना जी वाट बघायची आहे ना, ती ही. दहा आकड्यांची.

तसाच चुरमुऱ्यांचा डबा. घट्ट झाकणाचा घ्या, त्याला उघडणार नाही असा. तो घेऊन येईल, तुमच्या मांडीत ठेवेल. लगेच उघडू नका. थांबा, बघा. त्याने आवाज केला, हात धरला, काहीही केलं की ‘उघड! उघडला’ म्हणून उघडा. चारच चुरमुरे द्या म्हणजे पुन्हा यावं लागेल. पण रडेपर्यंत ताणायचं नाही. भुकेल्या पोराशी हा खेळ खेळू नये.

तो जेवढं बोलेल त्याच्यापुढे एकच पाऊल जा. तो ‘जी’ म्हणाला की तुम्ही ‘जी आला’, दुसऱ्या वेळी ‘मोठा जी’. ‘जेसीबी म्हण बरं, नीट म्हण’ असं शाळामास्तरी करू नका. पाहुण्यांसमोर ‘काकांना नाव सांग’ हा कार्यक्रमही बंद. आणि कोणी म्हणालं की बाळाशी ‘हम्मा’, ‘भूर’ असलं बोबडं बोलू नये, तर त्यांना माझं नाव सांगा. मम्मं, बाऊ, भूर, पापा या शब्दांकडे नीट बघा, ओठांवरची सोपी अक्षरं, त्यातलीही बरीच दोनदोनदा. आपल्या पणज्यांनी हे कुठल्या कोर्सला न जाता बसवलंय. ‘हम्मा’ही म्हणा आणि लगेच ‘गाय आली’ही म्हणा. दोन्ही जातं कानात.

मोबाइलबद्दल तुम्हाला सगळेच बोलले असतील. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली अजिबात नको आणि दोन ते पाचमध्ये दिवसाला फार तर एक तास असं सांगते. माझं कारण वेगळं आहे. मोबाइल थांबत नाही. मुलाने ‘जी’ म्हटलं काय, न म्हटलं काय, त्यातला जेसीबी खड्डा खणतच राहतो. एकदम तोडायला जाऊ नका, चार दिवस घर डोक्यावर घेईल आणि पाचव्या दिवशी तुम्हीच हातात द्याल. संध्याकाळचं एक जेवण आधी सोडवा, आई घरी आल्यानंतरचं. दोन घास कमी गेले तर जाऊ देत.

वेखंडाने जीभ हलकी होत नाही, उगाळून चाटवणं बंद करा. पेरू द्यायचाच तर धुऊन, अख्खा, पोपटाने न टोचलेला; पाखरांनी कुरतडलेलं फळ लहान मुलाला मुळीच देऊ नये. जिभेखालची शीर आखूड असेल तर जीभ वर उचलावी लागणाऱ्या काही अक्षरांना अडचण येऊ शकते, पण म्हणून शब्दच येत नाहीत असं होत नाही. ‘जी’ म्हणणारी जीभ आहे ती. कापायला हात लावू देऊ नका, आधी कान.

आणि सुनबाईंची नोकरी. त्यांनी ती सोडली म्हणून शब्द येणार नाहीत. उलट घरात एक दुखावलेलं माणूस वाढेल. नऊ ते सात तो तुमच्याजवळ असतो, म्हणून हे पत्र मी तुम्हाला लिहितेय. त्यांना रात्रीची वीस मिनिटं ठेवा, कानडीत, दिवा लावून, अंथरुणावर. बाकी कोणी मध्ये येऊ नये.

स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास जाऊन काही जादू होत नसते, आम्ही घरच्यांना शिकवतो आणि चुका दाखवतो. जाताना एवढं विचारा की भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का. विचारलेलं आम्हाला चालतं, ज्यांना चालत नाही त्यांच्याकडे जाऊ नका. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीच्या ताईंना भेटा. २०१३ मध्ये आपल्याच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि बोलण्यात, ऐकण्यात मागे असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पथकाची वाट बघत बसायची गरज नाही, सरळ जिल्हा रुग्णालयात जाऊन चौकशी करा. मुंबईला कोणी नातेवाईक असतील तर वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवण याच कामाची.

तोवर, कालनिर्णयावर तुम्ही दुधाचा हिशेब लिहीत असाल, त्याच चौकोनात नवा शब्द आला की लिहून ठेवा, त्याने म्हटला तसाच, ‘जी’ तर ‘जी’. तपासणीला जाताना ती पानं सोबत न्या. डॉक्टरांनी ‘किती शब्द?’ विचारल्यावर ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या आज्या मला फार भेटतात.

बेरा टेस्ट मूल झोपेत असताना करतात. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात टिकटिक सोडतात. सुई नाही, दुखणं नाही. गोम एकच, तो तिथे झोपला पाहिजे. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, आणि एसटीत काहीही झालं तरी झोपू देऊ नका. निम्मी मुलं वाटेत तासभर डुलकी काढतात आणि आमच्या दारात टक्क जागी होऊन हसतात. खिडकीकडची जागा धरा. रस्त्याची कामं सगळीकडे चालूच आहेत, जेसीबी दिसत राहतील.